केस सुनेने घातलेलीच नाही, मग ती मागे कशी घेणार?

*ताई, नमस्कार. मी नाशिकहून लिहिते आहे. माझा मुलगा अमेरिकेत सिॲटलजवळ समॅमिशला असतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. सून एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर, चार वर्षांची नात आहे. मध्यंतरी एका शनिवारी रात्री नवरा-बायकोत भांडण झालं. रागाच्या भरात त्याने नुसता तिचा गळा धरला, मारझोड वगैरे काही नाही. सुनेने घाबरून ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन लावला, पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले. सोमवारी जामीन झाला. आता तो बॉथेलला मित्राकडे राहतो. घरी जायला, बायकोशी बोलायला कोर्टाची बंदी आहे. ‘सेकंड डिग्री असॉल्ट’, म्हणजे दुसऱ्या श्रेणीचा हल्ला, असा आरोप ठेवलाय. सून म्हणाली, मला केस नको. तर तिथले सरकारी वकील म्हणाले, ते तुमच्या हातात नाही. दोघांना बोलता येत नाही म्हणून मीच फोनवरून निरोप पोचवते. आधी सून ऐकून घ्यायची, आता माझा फोनच उचलत नाही, म्हणून विहीणबाईंशी बोलावं म्हणते. माझे दीर म्हणतात, तिथला सरकारी वकील निवडून येतो, म्हणजे लोकप्रतिनिधीच झाला. चार प्रतिष्ठित मराठी लोकांच्या सह्यांचं पत्र घेऊन भेटावं. कुणी म्हणतं, बायकोला नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला लावता येत नाही, ती कोर्टात गेलीच नाही की केस पडेल. कुणी म्हणतं, कबूल करून मोकळं व्हावं. पुढच्या महिन्यात माझं तिकीट आहे. काय करू? – एक आई*

ताई, उत्तर लांब आहे, पण त्यातली एक गोष्ट आजच करायची आहे म्हणून ती आधी सांगते. निरोप पोचवणं बंद करा. सुनेला नाही, विहीणबाईंना नाही, सुनेच्या मैत्रिणीला नाही, कुणालाच नाही.

कोर्टाने जो संपर्कबंदीचा हुकूम काढलाय, त्यात आरोपीने स्वतः बोलायचं नाही एवढंच नसतं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून बोलायचं नाही, हेही त्यातच असतं. म्हणजे ‘तो म्हणतोय, झालं ते विसर’ असं तुम्ही नाशिकहून सांगितलंत, तरी त्या हुकुमाचा भंग तुमच्या मुलाच्या नावावर चढू शकतो, आणि तो भंग हा वेगळा गुन्हा आहे. बायकोने आपणहून फोन केला, घरी बोलावलं, तरी सुटका नाही. हुकूम पाळायची जबाबदारी आरोपीचीच, आणि तो बदलायचा अधिकार फक्त न्यायाधीशाचा. त्यापुढचं जास्त गंभीर आहे. ‘काही झालंच नाही असं सांग’, ‘कोर्टात जाऊ नकोस’ असं साक्षीदाराला सांगणं, गळ घालणं, हा वॉशिंग्टन राज्यात (सिॲटल ज्यात आहे ते राज्य, राजधानीचं शहर नव्हे) साक्षीदार फोडण्याचा गुन्हा आहे. तो फेलनी, म्हणजे मोठ्या गुन्ह्यांच्या वर्गातला आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुमच्या मनात तसं काही नसेल, संसार वाचावा एवढंच असेल. पण लिखित मेसेजमध्ये मन दिसत नाही, वाक्य दिसतं.

जे मेसेज आधीच गेलेत ते पुसू नका. पुसणं हा आणखी एक प्रश्न होऊन बसतो. मुलाला सांगा, त्याने आपल्या वकिलाला ते सगळं दाखवावं. आणि तो तुरुंगात असताना तुमच्याशी फोनवर बोलला असेल, तर ते बोलणं रेकॉर्ड झालंय असं धरून चला. तिथल्या तुरुंगातले फोन रेकॉर्ड होतात आणि सरकारी पक्ष ते ऐकू शकतो. आई-मुलातलं बोलणं म्हणून त्याला कायद्याचं कसलंही संरक्षण नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. सून नको म्हणते, तर हा वकील अडून का बसलाय?

कारण केस सुनेची नाही. कोर्टाच्या कागदावर ‘स्टेट ऑफ वॉशिंग्टन विरुद्ध’ असं लिहून पुढे तुमच्या मुलाचं नाव असेल. आपल्याकडेही फौजदारी खटला ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध अमुक’ असाच असतो, तेव्हा कल्पना काही परकी नाही. फरक व्यवहारात पडतो. आपल्याकडे पोलीस तक्रार घेतात, तपास करतात, चार्जशीट पोलीसच दाखल करतात, आणि सरकारी वकील खऱ्या अर्थाने चित्रात येतो तो नंतर. शिवाय घरगुती प्रकरणात दोन्ही कुटुंबं बसतात, मिटवतात, आणि संमतीचा अर्ज घेऊन उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून घेतात. मी वकिली ठाण्याच्या कोर्टात केली, असे अर्ज बरेच पाहिले. त्यांतल्या काही ‘संमत्या’ कशा मिळवलेल्या असतात तेही पाहिलंय. तिकडे पोलीस तपास करून अहवाल देतात. आरोप ठेवायचा की नाही, कोणता ठेवायचा, पुढे तो कमी करायचा का, तडजोड द्यायची का, खटला मागे घ्यायचा का, हे सगळं एका कार्यालयाच्या हातात असतं. ते कार्यालय म्हणजे काउंटीचे प्रॉसिक्युटिंग ॲटर्नी, अर्थात सरकारी वकील.

वॉशिंग्टन राज्यात ३९ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे अंदाजे आपला जिल्हा समजा, आणि प्रत्येकीचा असा एक निवडून आलेला प्रमुख वकील असतो, मुदत चार वर्षांची. समॅमिश किंग काउंटीत येतं, म्हणून प्रकरण सिॲटलच्या कार्यालयाकडे गेलं. घटना कुठे घडली यावर काउंटी ठरते, आरोपी आता कुठे राहतो यावर नाही. तुमचा मुलगा सध्या जिथे राहतो ते बॉथेल गंमत म्हणून पाहा: त्या गावाचा एक भाग किंग काउंटीत आणि दुसरा स्नोहोमिश काउंटीत आहे. हेच भांडण तिथल्या उत्तरेकडच्या घरात झालं असतं, तर फाइल एव्हरेटला, दुसऱ्याच प्रॉसिक्युटरच्या टेबलावर गेली असती.

किंग काउंटीच्या या पदावर २०२३ पासून लीसा मॅनियन आहेत. त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या महिला. पण तुमच्या मुलासमोर कोर्टात त्या उभ्या राहणार नाहीत. त्यांच्या हाताखालचे डेप्युटी वकील उभे राहतात, आणि घरातल्या हिंसाचाराच्या केसेस बघणारे वकील वेगळे असतात. सुनेला ‘तुमच्या हातात नाही’ म्हणाले ते असेच कुणी डेप्युटी असणार. लहान गुन्हे, म्हणजे मिसडिमीनर, शहराच्या हद्दीत घडले तर बहुधा शहराचा वकील चालवतो. फेलनी काउंटीकडे येतात. याच कार्यालयाची दुसरी बाजू दिवाणी आहे. काउंटीच्या कौन्सिलला, शेरीफला (काउंटीच्या पोलीसप्रमुखाला) कायद्याचा सल्ला देणं, काउंटीवर कुणी दावा लावला तर तो लढवणं, मुलांच्या पोटगीची प्रकरणं चालवणं, हेही त्यांचंच काम. तुम्हाला त्याच्याशी देणंघेणं नाही, पण हे फक्त ‘शिक्षा देणारं खातं’ आहे असं समजू नका.

तुमच्या मुलाचं प्रकरण काउंटीकडे गेलं ते गळ्यामुळे. ताई, इथे मी तुमच्या बाजूने बोलणार नाही. तुम्ही लिहिलंय, नुसता गळा धरला, मारलं नाही. वॉशिंग्टनच्या कायद्यात हे उलटं आहे. थप्पड मारली, ढकललं, तर साधारण चौथ्या श्रेणीचा असॉल्ट होतो, मिसडिमीनरमधला वरचा प्रकार. गळा दाबून श्वास किंवा रक्तप्रवाह रोखला, किंवा तसा रोखण्याच्या हेतूने गळा दाबला, तर २००७ पासून तो थेट दुसऱ्या श्रेणीचा असॉल्ट, म्हणजे फेलनी. जास्तीत जास्त शिक्षा दहा वर्षांची. पूर्वी कसलाही गुन्हा नसलेल्या माणसाला ठरावीक तक्त्याप्रमाणे तीन ते नऊ महिन्यांच्या दरम्यान होऊ शकते. शिवाय १९९३ साली तिथल्या मतदारांनी ‘तीन वेळा गंभीर गुन्हा केला की जन्मभर आत’ असा कायदा मंजूर केला. दुसऱ्या श्रेणीचा असॉल्ट हा त्या तिनांतला एक धरला जातो. कायदा इतका कडक का, तर गळा दाबलेल्या बाईच्या अंगावर कित्येकदा वळसुद्धा नसतो, पण शुद्ध काही सेकंदांत हरपू शकते आणि जीव काही मिनिटांत जाऊ शकतो. अशा घरांतून पुढे खून झालेले पोलिसांनी पाहिलेत. तुमचा मुलगा तसा नसेलही. पण त्या रात्री तुमच्या सुनेला ते कसं कळणार होतं? तिने फोन केला ते बरोबर केलं, आणि हे तिला तुमच्याकडून कधीतरी ऐकायला मिळालं तर तिला बरं वाटेल. अर्थात आता नव्हे. बंदी उठल्यावर.

सुनेच्या ‘नको’ला काहीच किंमत नाही का? आहे, आणि हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या घरातली मंडळी नेमकी तीच किंमत घालवायला निघाली आहेत.

आरोप कधी ठेवावा याचे निकष वॉशिंग्टनने कायद्यातच लिहून ठेवलेत. माणसाविरुद्धचा गुन्हा असेल, तर कोर्टात चालेल असा पुरावा हवा, आणि बचाव पक्ष जो सगळ्यात पटण्यासारखा बचाव घेऊ शकतो तो जमेस धरूनही समंजस ज्यूरी, म्हणजे निकाल देणारं सामान्य नागरिकांचं पंचमंडळ, दोषी ठरवू शकेल इतका तो भक्कम हवा. नुसत्या संशयावर आरोप ठेवायचा नाही. पुरावा असूनही आरोप न ठेवण्याची किंवा ठेवलेला मागे घेण्याची काही कारणं त्याच कायद्यात दिली आहेत, आणि पीडित व्यक्तीची विनंती हे त्यातलं एक आहे. पण ते कधी? मारहाणीत इजा झालेली नाही किंवा अगदी थोडी झाली आहे, अशा वेळी. आणि लगोलग पुढे बजावलंय की ही विनंती मोकळ्या मनाने केलेली आहे, आरोपीच्या धमकीने किंवा दबावाने नव्हे, याची खात्री करून घ्यावी.

आता त्या डेप्युटीच्या खुर्चीत बसून बघा. शनिवारी रात्री बाई पोलिसांना एक सांगते. पुढे म्हणते, केस नको. मधल्या काळात सासूचे फोन, उद्या कदाचित तिच्या आईचेही. नवऱ्याच्या नोकरीवर घर चालतं, तिचा स्वतःचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसाला बांधलेला, पदरात चार वर्षांची मुलगी. ही विनंती मोकळ्या मनाची आहे असं तुम्ही तरी म्हणाल का? तुम्ही जितके फोन कराल, तितकं तिचं म्हणणं दबावातून आलेलं वाटेल. तिला काही सांगायचंच असेल, तर ती स्वतः सांगू शकते. त्या कार्यालयात पीडितांसाठी नेमलेले सहायक असतात, त्यांच्यामार्फत तिचं मत नोंदवलं जातं. संपर्कबंदी सैल करावी असं वाटलं तर ती न्यायाधीशाकडे तशी मागणी करू शकते. ते मत प्रॉसिक्युटर विचारात घेतात. त्याने बांधले मात्र जात नाहीत.

‘ती कोर्टात गेलीच नाही तर केस पडेल’ असं ज्यांनी सांगितलं, त्यांना किंग काउंटीतलीच एक केस सांगा. तिथे एका बाईने ९११ ला फोन करून, मला मारतोय म्हणून सांगितलं. खटल्याच्या वेळी ती साक्षीला आलीच नाही. सरकारी पक्षाकडे साक्षीदार म्हणून फक्त दोन पोलीस होते, ज्यांनी प्रत्यक्ष मारताना कुणाला पाहिलं नव्हतं. प्रॉसिक्युटरने ज्यूरीला त्या फोनचं रेकॉर्डिंग ऐकवलं आणि आरोपी दोषी ठरला. प्रकरण वॉशिंग्टन राज्यातून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ‘डेव्हिस विरुद्ध वॉशिंग्टन’, निकाल जून २००६. कोर्ट म्हणालं, संकट चालू असताना मदत मिळावी म्हणून बाई जे बोलली, ती कोर्टातली साक्ष नव्हे, मदतीची हाक आहे. ती बाई समोर नसली तरी ते रेकॉर्डिंग पुराव्यात चालेल. तुमच्या सुनेनेही ९११ ला फोन केलाय. नंतर पोलिसांनी बसवून घेतलेला जबाब ही वेगळी गोष्ट. साक्षीदार हजर नसेल तर तो तसाच वाचून दाखवता येत नाही. म्हणजे सून न आल्याने केस दुबळी होऊ शकते, पण आपोआप पडते हे खोटं. आणि नवरा-बायकोच्या साक्षीची सवलत तुमच्या सल्लागारांनी अर्धीच ऐकलेली दिसते. ती सवलत तिथेही आहे, पण एका जोडीदाराने दुसऱ्याविरुद्धच गुन्हा केला असेल तर लागू होत नाही. समन्स निघालं तर सुनेला यावं लागेल. तिने टाळावं म्हणून कुणी तिला सांगितलं, तर वर म्हटलेला साक्षीदार फोडण्याचा गुन्हा आहेच.

प्रॉसिक्युटरला तुम्ही शत्रू समजता आहात, तेही पूर्ण खरं नाही. त्याच्यावर एक बंधन आहे जे तुमच्या मुलाच्या वकिलावर नाही. आरोपीच्या बाजूचा महत्त्वाचा पुरावा सरकारी पक्षाच्या हाती असेल, तर तो बचाव पक्षाला द्यावाच लागतो; हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ सालीच सांगून ठेवलंय. सुनेने त्या कार्यालयात ‘मी घाबरून जास्त सांगितलं’ असं म्हटलं असेल, तर ते दाबून ठेवता येणार नाही, तुमच्या मुलाच्या वकिलापर्यंत जायलाच हवं. त्याआधी १९३५ च्या एका निकालात त्याच कोर्टाने म्हटलं होतं की सरकारी वकिलाने घाव जोरात घालावेत, पण गैर घाव घालू नयेत. खटला जिंकणं हे त्याचं काम नाही, न्याय होईल हे पाहणं आहे. सगळे असे वागतात का? नाही. पण चुकलेल्याला त्या चुकीसाठी कोर्टात उघडं पाडता येतं, आणि ते काम मुलाच्या वकिलाचं आहे.

त्यामुळे पहिला खर्च वकिलावर करा. नोकरीवाल्या मुलाला सरकारी खर्चाचा बचाव-वकील बहुधा मिळणार नाही. वकिलाचा खर्च परवडत नसेल तरच तो हक्काने मिळतो. खासगी वकील किंग काउंटीतल्या घरगुती हिंसाचाराच्या फेलनी केसेस नेहमी लढवणारा हवा. कंपनीतल्या मित्राचा ओळखीचा, घरखरेदीचे कागद करणारा वकील चालणार नाही. सिॲटलला आता भारताचा वाणिज्य दूतावास आहे. त्यांना फोन केला तर ते केस थांबवू शकत नाहीत, पण माहिती देऊ शकतात.

दीरांचं म्हणणं आता. प्रॉसिक्युटर निवडून येतो हे त्यांचं खरं. तो लोकांना उत्तरदायी असतो, पण पाच वर्षांनी वॉर्डात हात जोडत फिरणाऱ्या नगरसेवकासारखा नाही. चार प्रतिष्ठित मराठी माणसं सह्यांचं पत्र घेऊन एखाद्या चालू केसबद्दल त्या कार्यालयात गेली, तर ते पत्र फाइलला लागेल आणि कदाचित ‘कुटुंबाकडून दबाव’ या सदरात वाचलं जाईल. तुमच्या मुलाला तिथे मतही नाही, हे दीरांच्या लक्षात आलेलं दिसत नाही. मुलाबद्दल कुणाला चांगलं सांगायचंच असेल, तर त्याने ते वकिलाला लिहून द्यावं. शिक्षेची वेळ आलीच, तर अशी पत्रं वकील न्यायाधीशापुढे योग्य वेळी ठेवतो.

किंग काउंटीच्या या पदावर १९७९ पासून २००७ पर्यंत एकच माणूस होता, नॉर्म मॅलेंग. त्याच्या हातात काय ताकद होती याचं उदाहरण तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे. ग्रीन रिव्हर परिसरात १९८० च्या दशकात बायकांचे खून होत होते. २००१ साली गॅरी रिजवे सापडला. आरोप ठेवण्याइतका पुरावा सात खुनांचा होता. मॅलेंगने आधी फाशी मागणारच असं जाहीर केलं होतं. मग बचाव पक्षाने प्रस्ताव आणला: फाशी टाळा, तो बाकीचे सगळे खून सांगेल, प्रेतं कुठे टाकली ते दाखवेल. मॅलेंगने मान्य केलं. नोव्हेंबर २००३ मध्ये रिजवेने ४८ खून कबूल केले आणि जन्मठेप भोगायला गेला. कित्येक घरांना आपल्या मुलीचं काय झालं ते कळलं, आणि त्याच वेळी ‘याला फाशी नाही तर कुणाला’ म्हणून मोठा वाद पेटला. त्या निर्णयासाठी मॅलेंगला ना न्यायाधीशाने भाग पाडलं होतं, ना पोलिसांनी, ना पीडितांच्या कुटुंबांनी. असा निर्णय या पदावरचा माणूस एकटा घेतो, आणि त्याची किंमत पुढच्या निवडणुकीत मोजायची तयारी ठेवतो.

तुमच्या मुलाच्या बाबतीत ही ताकद वापरली जाईल ती तडजोडीच्या वेळी. तिथल्या बहुतेक फौजदारी केसेस खटल्यापर्यंत जातच नाहीत, तडजोडीत संपतात. प्रॉसिक्युटर दुसऱ्या श्रेणीचा आरोप कमी करून चौथ्या श्रेणीचा करायला तयार होऊ शकतात, त्यासोबत समुपदेशनाचा लांबलचक कोर्स, संपर्काच्या अटी वगैरे येतात. पुरावा किती भक्कम आहे, सुनेला इजा किती, मुलाने बंदी पाळली का, यावर ते अवलंबून. म्हणून तर म्हणते, बंदीचा एकही भंग होऊ देऊ नका. तो झाला की वाटाघाटीत मुलाच्या वकिलाच्या हाती काही उरत नाही.

आणि ‘कबूल करून मोकळं व्हावं’ हा सल्ला ज्याने दिला, त्याचा फोन काही दिवस उचलू नका. एच-१बी वर असलेल्या माणसाने काय कबूल केलं, कोणत्या शब्दांत केलं, आणि शिक्षा किती महिन्यांची लिहिली गेली, यावर तो अमेरिकेत राहणार की नाही हे ठरतं. घरगुती हिंसाचाराचा गुन्हा १९९६ पासून संघीय कायद्यात देशाबाहेर काढण्याचं एक स्वतंत्र कारण आहे. हिंसक गुन्ह्याला एक वर्ष किंवा जास्त शिक्षा सुनावली गेली, मग ती स्थगित का असेना, तर प्रकरण आणखी वाईट वर्गात जातं. म्हणून वॉशिंग्टनने २०११ साली मोठ्या मिसडिमीनरची कमाल शिक्षा ३६५ दिवसांवरून ३६४ दिवस केली. एका दिवसाने कुणाचं तरी घर अमेरिकेत राहावं म्हणून! बचाव-वकिलाने परक्या नागरिकाला हे परिणाम आधी समजावून सांगितलेच पाहिजेत, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. तरीही मुलाने फौजदारी वकिलाच्या जोडीला इमिग्रेशनचा वकील वेगळा घ्यावा आणि कुठल्याही कागदावर सही करण्याआधी दोघांनी एकमेकांशी बोलावं. प्रॉसिक्युटर इमिग्रेशन अधिकारी नाही, तो व्हिसा रद्द करत नाही. पण आरोपाचे शब्द बदलायला तो राजी होऊ शकतो, आणि कित्येकदा सगळं त्यावरच ठरतं.

सूनबाईंसाठी दोन ओळी लिहिते. त्या तिच्यापर्यंत तुम्ही पोचवायच्या नाहीत, हे सदर तिने वाचलं तर वाचेल. सूनबाई, प्रॉसिक्युटर तुमचा वकील नाही. त्यांच्या कार्यालयातल्या सहायकांना जे सांगाल ते गुपित राहीलच असं नाही. मोकळं बोलायचं असेल, तर सिॲटलमध्ये ‘एपीआय छाया’ ही दक्षिण आशियाई बायकांसाठीही काम करणारी संस्था आहे. अशा संस्थांच्या सल्लागारांशी झालेलं बोलणं कायद्याने गोपनीय असतं. नवऱ्याचा व्हिसा गेला तर माझं काय, ही भीती असेल तर इमिग्रेशन वकिलाला यू-व्हिसाबद्दल विचारा. गुन्ह्याच्या बळींसाठी तो आहे, आणि त्यासाठी लागणाऱ्या दाखल्यावर पोलीस किंवा प्रॉसिक्युटर सही करू शकतात. त्याला वेळ खूप लागतो, पण दार आहे हे माहीत असू द्या. काय करायचं ते तुम्ही ठरवा, सासूबाईंनी नाही, आईने नाही, मी पण नाही.

ताई, तुमचं तिकीट. जरूर जा, मुलाला आत्ता घरच्या माणसाची गरज आहे. पण जाण्याआधी मुलाच्या वकिलाला विचारून घ्या: हुकुमात नातीचं नाव आहे का? नसेल तर तिची भेट कुठे, कुणाच्या मध्यस्थीने होईल, आणि तुम्ही सुनेच्या घरी जाणं योग्य ठरेल का. तुम्ही बॉथेललाच मुलाजवळ राहा. त्या रात्री काय झालं हे त्याने तुम्हाला सांगितलं असेल, तर उद्या तुम्हीही साक्षीदार ठरू शकता, तेव्हा तिथल्या मराठी मंडळातल्या कुणाशीही त्यावर गप्पा नकोत. प्रॉसिक्युटरच्या कार्यालयातून फोन आला तर खोटं बोलू नका आणि घाईने उत्तरंही देऊ नका. ‘वकिलाशी बोलून सांगते’ एवढं नम्रपणे म्हणा, ते वाईट मानणार नाहीत. आणि सामानात सुनेसाठी काही भरलं असेल, चकल्या, साडी, काहीही, तर मुलाच्या हातून किंवा मुलाच्या नावाने ते तिच्या घरी जाऊ देऊ नका. वकिलाने हो म्हटलं तर तुमच्या नावाने पाठवा, चिठ्ठी न ठेवता.